केंदाळावर तणनाशक मारण्याआधी : पंचगंगाकाठच्या गावांना खुले पत्र

प्रति,
पंचगंगाकाठच्या ग्रामपंचायतींचे सरपंच व सदस्य, पाणीपुरवठा संस्थांचे संचालक आणि तरुण मंडळांचे कार्यकर्ते,
जि. कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आमच्या गावच्या चावडीत बैठक झाली. विषय नेहमीचाच, केंदाळ म्हणजे जलपर्णी. घाटाच्या शेवटच्या पायरीपासून पलीकडच्या काठापर्यंत नदी हिरवीगार झालीय. म्हशी पाण्यात घालता येईनात, मोटरींच्या फुटव्हॉल्व्हला मुळ्या गुंडाळतात, संध्याकाळी दार उघडं ठेवायची सोय नाही एवढे डास. बोलता बोलता एका पोरानं मुद्दा काढला, "उसातलं तण मारतोयच की, मग ह्यावर का नको? चार दिवसांत पिवळं पडतंय." सगळ्यांना पटलं. खरं सांगतो, क्षणभर मलाही पटलं. वर्गणीचा आकडासुद्धा निघाला. मी एवढंच विचारलं, कुठलं औषध मारणार? कॅन पुढे आला. "आणि बघा काका, त्रिकोण लाल नाही. माशांना काय होत नाही."

त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. बैठक आमच्या गावात झाली असली, तरी असं बोलणं तुमच्याही गावात चाललंय हे मला माहीत आहे.

आधी माझं सांगतो. माझी नोकरी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली आणि घरचा दीड एकर ऊस आहे. भांगलणीला माणसं मिळत नाहीत हे मला कुणी सांगायला नको. लागणीनंतर ॲट्राझिन हे तणनाशक मीही मारतो. त्यामुळे हे पत्र औषधाच्या नावानं बोटं मोडणाऱ्याचं नाही, हे गृहीत धरून पुढं वाचा.

डब्यावरचा त्रिकोण माशांसाठी नसतोच. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग प्रयोगशाळेतल्या उंदरांना औषध पाजून किंवा कातडीला लावून ठरवतात. पाजलेल्या औषधाचं माप असं : वजनाच्या किलोला ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत निम्मे उंदीर मेले तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. फवारणाऱ्या माणसाला किती जपायला हवं, याची ती खूण आहे. माशाचा त्यात कुठंच संबंध नाही. मासा औषध पीत नाही, चोवीस तास त्यात राहतो आणि कल्ल्यांतून ते सरळ रक्तात घेतो. उंदराला न बाधणारी वस्तू माशाला मारू शकते. साधा कपडे धुण्याचा साबण घ्या. आपण त्यानं रोज हात धुतो. तोच साबण लिटरमागे काही मिलिग्रॅम झाला की माशाच्या कल्ल्यांचं काम बिघडतं. कारखान्यांत येणाऱ्या रसायनांच्या पिंपांवर लाल चौकटीत मेलेला मासा आणि वाळलेलं झाड असं चित्र बघितलं असेल. पाण्यातल्या जिवांसाठीची खूण ती. शेतीच्या डब्यावर ती शोधायला गेलात तर बहुतेक वेळा माहितीपत्रकाच्या बारीक अक्षरात एखादी ओळ सापडेल, तीही पत्रक फेकून दिलं नसेल तर.

जगभर एखादं रसायन पाण्यातल्या जिवांना किती घातक हे ठरवताना निदान तीन जिवांवर चाचणी घेतात. शेवाळ ७२ तास, डाफ्निया म्हणजे पाण्यातली पिसू ४८ तास, मासा ९६ तास. निम्मे जीव ज्या मात्रेला मरतात किंवा हालचाल सोडतात, तो आकडा धरायचा. लिटरला १ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी आला तर सर्वांत घातक वर्ग, १० पर्यंत दुसरा, १०० पर्यंत तिसरा. तीन जीव का, तर एकाच्या जिवावर दुसऱ्याचा निकाल लागत नाही म्हणून. माझंच ॲट्राझिन घ्या. माशाला मारायला लिटरमागे काही मिलिग्रॅम लागतं. शेवाळाची वाढ मात्र त्याच्या शंभराव्या हिश्शाला, म्हणजे लिटरमागे वीस-पन्नास मायक्रोग्रॅमलाच (हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम) खुंटते, कारण ते वनस्पतीचं प्रकाशातून अन्न करण्याचं कामच बंद पाडतं. मासा जिवंत आणि त्याच्या पिलांचं खाणं गेलं, असं होऊ शकतं. वरून बघणाऱ्याला पाणी ठीकच दिसेल.

आता आपल्या कॅनकडं येऊ. केंदाळावर मारायला आपल्याकडं दोनच नावं निघतात, ग्लायफोसेट आणि टू-फोर-डी.

ग्लायफोसेट शुद्ध असेल तर माशाला फारसं काही करत नाही. अमेरिकेत ट्राउट आणि इतर गोड्या पाण्यातल्या माशांवर ज्या चाचण्या झाल्या, त्यांत हा आकडा लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आसपास आणि त्याच्या पुढे आला. पण शुद्ध ग्लायफोसेट कुणी विकत नाही. ते पानाला चिकटावं, पानात शिरावं म्हणून त्यात एक साबण घातलेला असतो, पुष्कळदा चरबीपासून केलेला पॉलीएथॉक्सिलेटेड टॅलो अमाइन नावाचा. तो साबण माशाला मूळ औषधापेक्षा कितीतरी जास्त विषारी. तोच मिसळलेलं तयार औषध त्याच माशांवर वापरलं तेव्हा आकडा शंभरावरून एकदम एक आकडी मिलिग्रॅमवर आला, कुठे दहा-पंधरावर. पाणी जितकं अल्कधर्मी आणि उबदार, तितका मारा वाढतो, आणि एप्रिलमधलं आपलं पाणी कसं असतं ते तुम्ही जाणता. बेडकाची पिल्लं तर याला फारच लवकर बळी पडतात. त्यात आपण काय करतो? केंदाळाचं पान मेणचट, त्यावर थेंब टिकत नाही, म्हणून दुकानदार वर आणखी स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवणारं द्रव, देतो. स्टिकर नसला की घरची धुण्याची पावडर मूठभर. कॅनवर मुख्य औषध किती टक्के ते छापलेलं असतं. साबण कुठला, किती, ते बहुधा नसतं. आणि आपण टाकलेल्या पावडरीचा तर कुणाकडंच हिशोब नाही.

टू-फोर-डीची तऱ्हा आणखी न्यारी. एकाच नावाचे दोन कॅन शेजारी शेजारी ठेवलेले असतात. एक अमाइन सॉल्ट, दुसरं एस्टर. सॉल्टचा माशांवरचा आकडा पुष्कळदा शंभराच्या वर, एस्टरचा एकच्या आसपास. नाव एकच, किंमत जवळपास सारखी, आणि माशाच्या दृष्टीनं शंभरपट फरक. बैठकीत कुणी "टू-फोर-डी मारू" म्हणालं, तर त्याला कॅनवरचं दुसरं नाव मोठ्यानं वाचायला सांगा.

टू-फोर-डीचा एक धडा शिरोळच्या भाजीपाल्यावाल्यांना मी शिकवायला नको. शेजाऱ्यानं उसात मारलं आणि वारा आपल्या बाजूला असला की वांगी, मिरची, टोमॅटोची पानं कशी वाकडी होऊन दोरीसारखी पडतात, यावरून बांधावर भांडणं झालेली आहेत. तेच औषध नदीत गेलं तर ते वाऱ्यानं येणार नाही. तुमच्याच मोटरीनं, तुमच्याच पाइपमधून तुमच्या फडात येईल.

आता सगळ्यात महत्त्वाचा हिशोब. एखादं रसायन किती विषारी, हा निम्मा प्रश्न. ते पाण्यात प्रत्यक्ष किती होणार, हा उरलेला निम्मा, आणि तो कुठल्याही पुस्तकात छापलेला नाही. तो ज्याच्या त्याच्या नदीवर अवलंबून. युरोपातल्या मूल्यमापनाच्या पद्धतीत माहिती नसेल तेव्हा असं धरून चालतात की नदीत पडलेलं सांडपाणी दहापट पातळ होतं. बारा महिने वाहणाऱ्या नदीला ते ठीक. आपली पंचगंगा पावसाळा सोडला तर वाहते कुठे? दिवाळीच्या आगेमागे बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पडले की राजाराम बंधाऱ्यापासून रुई, तेरवाड, शिरोळपर्यंत ती नदी नसते, एकापुढे एक मांडलेली तळी असतात. वरच्या धरणातून पाणी सोडलं तर हलतं, नाहीतर उपसाबंदीच्या नोटिसा. या तळ्यांत औषध दहापट पातळ करायला पाणी येणार कुठून?

कागद-पेन घ्या. एक हेक्टर पाणी, एक मीटर खोल, म्हणजे एक कोटी लिटर. हेक्टरी दोन किलो औषध धरू. सगळं पाण्यात मिसळलं तर लिटरला ०.२ मिलिग्रॅम. दिसायला कमी वाटतं. पण आपल्याकडं चाचण्या तीनच असतात, तेव्हा मूल्यमापन करणारे सगळ्यात नाजूक जिवाचा आकडा घेऊन त्याला हजारानं भागतात, कारण नदीत तीनच नाही, शेकडो जाती असतात आणि त्या फक्त चार दिवस राहत नाहीत. साबणवाल्या औषधाचा आकडा ५ धरला तर सुरक्षित पातळी येते ०.००५. आपली पातळी त्याच्या चाळीसपट. निम्मं औषध पानांनी धरून ठेवलं असं मानलं तरी वीसपट. आणि हे एक मीटर खोलीचं झालं. मासळीची पिल्लं असतात काठाला, गुडघाभर पाण्यात, केंदाळाच्या मुळ्यांत. तिथं हाच आकडा दुप्पट होतो. माणसाचंही बघून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टू-फोर-डीची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. आपले ०.२ मिलिग्रॅम म्हणजे २०० मायक्रोग्रॅम. तुमच्या गावची जॅकवेल, म्हणजे पिण्याचं पाणी उपसायची नदीकाठची विहीर, कुठं आहे, ते मला माहीत नाही असं समजू नका.

पंप धुण्याचंही इथंच सांगतो, कारण ते रोज घडतं आणि त्याची बैठक कुणी बोलवत नाही. पंपाच्या तळाला लिटरभर पाणी उरतं. त्यात सहा-सात ग्रॅम औषध. ओढ्याच्या सहाशे लिटरच्या डबक्यात पंप विसळला की लिटरमागे दहा-बारा मिलिग्रॅम. वर सांगितलेला मारणारा पट्टा इथेच आहे. लहानपणी आम्ही ज्या ओढ्यात टोपलीनं झिंगे धरायचो, तिथं आता झिंगा दिसत नाही. एकट्या पंप धुण्यानंच ते झालं असं मी म्हणणार नाही, गटाराचं पाणीही त्यात आलंय. पण पंप मात्र मी स्वतःही तिथंच धुतलाय, अनेक वर्षं. आता उरलेलं पाणी बांधावर मारतो आणि पंप रानातच विसळतो.

समजा, एवढं सगळं करून तुम्ही माशाला अजिबात न बाधणारं औषध शोधून आणलं. तरी माझा विरोध राहील, आणि त्याचं कारण विषात नाही.

दाट केंदाळ हेक्टरी दोनशे टनांच्या घरात जातं. त्यात ९५ टक्के पाणीच असतं असं धरलं, तरी दहा टन सुका माल उरतो. औषध मारलं की तो पिवळा पडतो, तपकिरी होतो आणि पाण्यात बसतो. कुजायला लागला की एक किलो सुक्या मालाला ढोबळमानानं एक किलो प्राणवायू लागतो. म्हणजे दहा हजार किलो. त्या हेक्टरमध्ये दोन मीटर पाणी असलं आणि ते अगदी चांगलं असलं, लिटरला ७ मिलिग्रॅम प्राणवायूवालं, तरी त्यात एकूण प्राणवायू किती? १४० किलो. वरून हवेतून थोडा मिसळत राहतो, सगळं एकाच दिवशी कुजत नाही, हे कबूल. पण दहा हजार आणि एकशे चाळीस यांतली दरी वाऱ्याच्या झुळकीनं भरणारी नाही. मासेमारीला योग्य पाण्यात लिटरला निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असं आपलंच सरकारी मानक सांगतं. उन्हाळ्यात तेरवाड-शिरोळकडे मेलेल्या माशांचा खच तुम्ही नाकाला रुमाल लावून पाहिलेला आहे. तो गटारानं आणि मळीनं झालेला असो वा कशानंही, तुम्ही त्यात आपल्या हातानं भर घालणार आहात.

पुढं कधी मासे मेले तर एवढं बघून ठेवा. प्राणवायू संपून मरतात तेव्हा मासे पहाटे तोंड वर काढून गटांगळ्या खातात, आणि बहुधा मोठे आधी जातात. विष असेल तर वेळ कुठलीही असते, आणि लहान-मोठे एकदम, पुष्कळदा पिल्लं आधी. मरळ जिवंत दिसली म्हणून पाण्याला पास करू नका. मरळ वर येऊन हवेतला प्राणवायू घेते, तिचा दाखला चालत नाही. चिलापीचाही नाही, ती कशातही जगते.

मग करायचं काय, असं तुम्ही म्हणणारच. बैठकीतही तेच म्हणाले, "काका, नुसता नन्नाचा पाढा."

केंदाळ काढायची वेळ मार्च-एप्रिल नाही. पावसाळा उतरल्यावर, बर्गे घालायच्या सुमाराला ते काठाकाठानं पुंजक्यांत असतं. आठ-पंधरा दिवसांत दुप्पट होणारी ही वनस्पती आहे. नोव्हेंबरात एक ट्रॉली काढली तर फेब्रुवारीतल्या शंभर ट्रॉल्या वाचतात. पोकलॅनचं भाडं तेव्हा द्या, आता नको. काढलेलं काठावर ढीग मारून ठेवू नका, जूनमध्ये ते परत नदीत जातं. पाचटासारखं कुजवा. आणि एकदा काढलं म्हणजे संपलं असंही नाही. बी चिखलात वर्षानुवर्षं पडून राहतं आणि वरून शहराचं, गावांचं मैलापाणी खत म्हणून येत राहतं. ते थांबल्याशिवाय केंदाळ थांबणार नाही. त्यासाठी भांडण वेगळीकडं आहे आणि ते तुम्ही करताच आहात. १९८० च्या दशकात बंगळूरकडच्या तळ्यांत केंदाळ खाणारे भुंगेरे सोडले होते आणि त्यांनी काम केलं. पण त्यांना काही वर्षं लागतात, आणि आपल्या नदीला दरसाल पूर येतो. मला त्याची फार आशा नाही.

कायद्याचंही एक. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरता ठेवला. मंडळाच्या पोरांनी पाठीवर पंप बांधून नदीत उतरणं त्यात बसत नाही. उद्या काही झालं तर गुन्हा मंडळावर येईल, कॅन विकणाऱ्यावर नाही.

आणि तरीही ज्यांना मारायचंच आहे, त्यांच्याकडं माझं मागणं एवढंच की बर्गे असेपर्यंत मारू नका, आणि मारण्याआधी एक चाचणी करा. मी ती तुमच्यासमोर करून दाखवतो. पाच बादल्या, प्रत्येकीत आपल्याच नदीचं दहा लिटर पाणी. जे औषध मारायचं तेच, जो स्टिकर घालायचा तोच, त्याच प्रमाणात. पाणी न घातलेल्या त्या मिश्रणातलं एक मिलिलिटर लिटरभर पाण्यात घालून त्यातलं १०, ३०, १०० आणि ३०० मिलिलिटर चार बादल्यांत टाकायचं, म्हणजे साधारण १, ३, १० आणि ३० पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग, ढोबळमानानं लिटरला तेवढेच मिलिग्रॅम). पाचवी बादली नुसत्या पाण्याची. प्रत्येकीत वीस डाफ्निया सोडायच्या आणि ४८ तासांनी मोजायच्या. नुसत्या पाण्यातल्याच दोनपेक्षा जास्त गळाल्या तर चाचणी रद्द, कारण मग आपलं पाणीच बिघडलेलं आहे. (तसं निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही. ते निघालं तरी एक काम होईल.) ही काही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची चाचणी नाही. त्यासाठी शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्राचे आणि पर्यावरणशास्त्राचे विभाग आहेत, ग्रामपंचायतीनं रीतसर पत्र द्यावं. पण कॅनच्या त्रिकोणापेक्षा ही बादली नक्की जास्त खरं सांगेल.

डाफ्निया माझ्याकडं आहेत, परसातल्या टाकीत मी पाळतो, घरचे हसतात. येत्या रविवारी सकाळी सात वाजता घाटावर बादल्या घेऊन येतो. आमच्याच गावच्या घाटावर, पण बाकीच्या गावांतलेही या. कॅन तुमचा तुम्ही आणा, झाकण न उघडलेला, आणि आतलं पत्रक टाकू नका.

आपला,
शिरोळ तालुक्यातला एक ऊसकरी

ता. क. : मंगळवारी सकाळी सातला मोजणी आहे. मंडळाच्या अध्यक्षांनी स्वतः मोजावं, मी वही धरतो.